ठरवून केलेलं सिझेरियन आणि पहिलं बाळ: कोकणातल्या घरासाठी

कोकणातल्या घराला बाळंतपण नवं नसतं. बाळंतशेपा किती भाजायच्या ते आजीला ठाऊक असतं, आईने आळीव आणून डब्यात भरलेले असतात, वाडीतल्या तेल लावणाऱ्या मावशींना सातव्या महिन्यातच सांगून ठेवलेलं असतं. ठरवून सिझेरियन असलं की यात एका गोष्टीची भर पडते, ती म्हणजे पोटापासून गर्भाशयापर्यंत गेलेला छेद. दवाखान्यातून घरी येते ती बाळंतीण तर असतेच, शिवाय मोठ्या ऑपरेशनमधून उठलेली रुग्णही असते. बाळंतिणीचं कसं करायचं ते घराला येतं. टाके असलेल्या बाईचं कसं करायचं ते मात्र बहुतेक घरं तिच्या वेदनेवर शिकतात. तारीख आधी हातात असते, तेव्हा ते आधी शिकून घेता येतं. हे पहिलटकरणीसाठी लिहिते आहे आणि तितकंच तिच्या आईसाठी, सासूसाठी, नवऱ्यासाठी.

तारीख ठरताना

बाळ पायाळू आहे, वार खाली आहे, जुळं आहे, आईला काही आजार आहे, अशा कारणांनी डॉक्टर आधीच सिझेरियन ठरवतात. कारण नीट विचारून घ्या आणि एका वाक्यात लिहून ठेवा. पुढे दहा जण विचारणार असतात, आणि पुढच्या बाळंतपणातही ते कारण लागतं.

दुसरी कुठली अडचण नसेल तर ऑपरेशन साधारण ३९ आठवडे पूर्ण झाल्यावर करतात. पोटातल्या बाळाच्या फुप्फुसात पाणी असतं. कळा सुरू झाल्या की ते ओसरायला लागतं. कळांशिवाय आणि त्यातही लवकर काढलेल्या बाळाला सुरुवातीला श्वासाचा त्रास होण्याची शक्यता जास्त असते, म्हणून ही वाट पाहायची. मुहूर्ताचं मी एवढंच सांगेन: डॉक्टरांनी दिलेल्या दिवसांमधून आणि त्यांच्या वेळांमधून चांगला दिवस काढा, कोणाचं काही बिघडत नाही. पण पंचांगासाठी बाळाला आठवडाभर आधी बाहेर काढायला सांगू नका. डॉक्टर नाही म्हणत असतील तर ते बाळाच्या बाजूने बोलत आहेत.

नदी, घाट आणि पाऊस

मुंबईहून माहेरी येणार असाल तर सोनोग्राफीचे रिपोर्ट, रक्तगट, सगळ्या तपासण्या आणि माता व बाल संरक्षण कार्ड अशी मूळ फाईल बरोबर आणा. आल्याबरोबर गावच्या आशाताईंना भेटा आणि जिथे ऑपरेशन करायचं तिथल्या डॉक्टरांना एकदा तरी आधी दाखवा. मग तीन गोष्टी विचारा. भूलतज्ज्ञ तिथेच असतात की बाहेरून येतात? रक्त लागलं तर तिथे मिळतं की जिल्ह्याच्या ठिकाणाहून आणावं लागतं? बाळाला श्वासाचा त्रास झाला तर नवजात बालकांचा कक्ष कुठे आहे? जागेप्रमाणे उत्तर रत्नागिरीचं असेल, चिपळूणजवळच्या डेरवणचं असेल, सावंतवाडी-दोडामार्गकडच्यांना गोव्यातल्या बांबोळीचंही असेल. नवऱ्याला आणि भावाला ते आधीच ठाऊक हवं.

तारीख ठरली म्हणून कळा तिची वाट पाहतीलच असं नाही. पाणी गेलं, कळा सुरू झाल्या किंवा रक्त जायला लागलं तर दिवस मोजत बसू नका, निघा. वार खाली असलेल्या बाईला दुखत नसताना रक्तस्राव होतो, त्यामुळे 'दुखत नाही ना, मग सकाळी जाऊ' हे चालत नाही. बाळ पायाळू असताना पाणी गेलं तर तिला आडवंच ठेवून न्या, कारण नाळ खाली सरकण्याचा धोका असतो. १०२ ही गरोदर बायांसाठीची गाडी आणि १०८ ही तातडीची, दोन्ही नंबर घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये असू द्या. घरात रेंज कुठल्या कोपऱ्यात येते तेही सगळ्यांना माहीत असू द्या.

तारीख जून ते सप्टेंबरमध्ये असेल तर रस्त्याचा विचार वेगळा करायला हवा. तवसाळहून जयगडला किंवा धोपाव्याहून दाभोळला जाणाऱ्या फेरीबोटीवर रात्री-बेरात्री भरवसा ठेवता येत नाही आणि समुद्र खवळला की ती बंद. घाटात दरड येते. जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडालं तेव्हा शहरातच कोणी कोणापर्यंत पोचू शकत नव्हतं. म्हणून नदीपलीकडचा किंवा घाटाखालचा दवाखाना असेल तर तारखेच्या तीन-चार दिवस आधीच दवाखान्याजवळच्या नातेवाइकाकडे जाऊन राहा. कोकणात असा नातेवाईक निघतोच, आणि ऐन पावसात बाळंतिणीला नाही म्हणणारं घर मी पाहिलेलं नाही.

घरात आधी काय बदलायचं

जमिनीवरच्या अंथरुणावरून टाके असलेल्या बाईला उठता येत नाही. गुडघ्याएवढ्या उंचीचा पलंग किंवा खाट मागून आणा. संडास अंगणाच्या कडेला असेल, भारतीय पद्धतीचा असेल, तर औषधांच्या दुकानात मिळणारी कमोडची खुर्ची घ्या. एवढ्या खर्चात तिचे पहिले पंधरा दिवस सुसह्य होतात. जोतं उंच असतं, जांभ्याच्या पायऱ्यांवर पावसात शेवाळ धरतं. ते खरवडून घ्या, वर गोणपाट टाका आणि धरायला बांबू बांधा.

पावसाळ्यात लंगोट वाळत नाहीत. नेहमीच्या दुप्पट शिवून ठेवा आणि वाळल्यावर इस्त्री फिरवा, म्हणजे उरलेला ओलावा जातो. चुलीवर वाळवलेल्या कपड्यांना धुराचा वास धरतो, नव्या बाळाच्या अंगाला ते नकोत. मच्छरदाणी हवीच.

आदली रात्र आणि तो दिवस

जेवण किती वाजता बंद करायचं ते भूलतज्ज्ञ सांगतात. साधारणपणे जेवण ६ ते ८ तास आधी आणि साधं पाणी २ तास आधी थांबवतात, पण तुमच्या डॉक्टरांचं घड्याळ खरं. 'लेकरू उपाशी' म्हणून कोणीतरी पहाटे चहा-बिस्कीट पुढे करतं, तो हात मागे घ्यायला लावा. भुलेखाली पोटातलं वर येऊन श्वासनलिकेत गेलं तर जिवावर बेततं. पोटाखालचे केस घरी ब्लेडने काढू नका, बारीक जखमांतून जंतू शिरतात. लागलं तर दवाखान्यात ते करतात. नेलपेंट पुसा, कारण बोटाला लावायच्या यंत्राला नख दिसावं लागतं. मंगळसूत्र, जोडवी, डोहाळजेवणाला भरलेल्या हिरव्या बांगड्या काढाव्या लागतील. हे आजीला आधीच सांगून ठेवा, ऑपरेशन थिएटरच्या दारात रडारड नको.

भूल बहुधा पाठीत देतात. बसून पाठ मांजरासारखी वाकवायला सांगतात, एक सुई टोचते, पाय गरम होऊन जड पडतात. आत तुम्ही जाग्या असता. दुखत नाही, पण ओढल्यासारखं, दाबल्यासारखं कळतं. ते आधी माहीत असलं की भीती वाटत नाही. बाळ पहिल्या काही मिनिटांतच बाहेर येतं, उरलेला वेळ टाके घालण्यात जातो. नंतर अंगाला थंडी वाजल्यासारखा थरथराट सुटतो, तो आपोआप जातो. 'पाठीतल्या सुईने जन्मभर कंबर धरते' हे बायका एकमेकींना सांगतात, पण तसा पुरावा सापडलेला नाही. कंबर दुखते ती बहुतेक वेळा वाकून दूध पाजण्याने आणि पोटाचे स्नायू सैल पडल्याने. उठून बसल्यावर वाढणारं आणि आडवं झाल्यावर कमी होणारं डोकं दुखायला लागलं तर मात्र डॉक्टरांना सांगा, तो भुलेचा परिणाम असू शकतो आणि त्यावर उपाय आहे.

पहिला तास

बाळाला पहिल्या तासाच्या आत छातीशी लावावं, हे सिझेरियनलाही लागू आहे. आधीच्या भेटीतच डॉक्टरांना आणि सिस्टरना सांगून ठेवा: 'आम्हाला लवकर पाजायचं आहे, बाळ आईजवळ ठेवा.' आईला बाहेर आणायला वेळ लागत असेल तर बाळाला बाबाच्या उघड्या छातीवर ठेवून वरून दुपटं पांघरता येतं. ऊब मिळते, बाळ शांत होतं आणि बाबालाही आपलं काम सापडतं.

पहिले दोन-तीन दिवस येतो तो पिवळसर चीक. तो थेंबा-थेंबाने येतो आणि बाळाला तेवढाच पुरतो. सिझेरियननंतर भरपूर दूध उतरायला एखादा दिवस जास्त लागू शकतो. याच वेळी नातेवाइकांपैकी कोणीतरी 'दूध नाही हिला' म्हणून मध चाटवायला किंवा साखरपाणी द्यायला निघतं. देऊ देऊ नका. मधाने तान्ह्या बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. उपाय एकच, पुन्हा पुन्हा छातीशी लावणं, रात्रीसुद्धा. पहिल्या दिवशी कुशीवर झोपून पाजा, म्हणजे टाक्यांवर भार येत नाही. बसता यायला लागलं की बाळाला काखेखालून धरा, त्याचे पाय तुमच्या पाठीकडे, खाली दोन उशा. मांडीवर आडवं घेतलं की बाळाच्या लाथा नेमक्या टाक्यांवर बसतात.

पहिल्यांदा उठताना

लघवीची नळी साधारण पहिल्या दिवसात काढतात आणि उठवतात. ते पहिलं उठणं सगळ्यात अवघड असतं. सरळ उठून बसू नका. आधी गुडघे वाकवा, एका कुशीवर वळा, दोन्ही पाय पलंगाखाली सोडा आणि कोपरावर जोर देऊन वर या. मग बसा, चक्कर जाऊ द्या, सिस्टरचा हात धरा आणि उभ्या राहा. बायका टाके तुटतील या भीतीने कमरेत वाकून चालतात. टाके असे तुटत नाहीत, जमेल तेवढं ताठ चाला. खोकला किंवा शिंक आली की उशी पोटाशी घट्ट धरा. चालल्याने पोटातला वारा सरतो आणि पायात रक्ताच्या गाठी होण्याचा धोका कमी होतो.

दुखण्याच्या गोळ्या वेळेवर घ्या. 'दुधातून बाळाला जाईल' म्हणून अनेक जणी सोसत राहतात. दूध पाजणाऱ्या आईला चालतील अशाच गोळ्या डॉक्टर देतात, आणि दुखणं कमी असलं तरच नीट बसून पाजता येतं.

घरी येताना गाडीत उशी टाके आणि पट्ट्याच्या मध्ये धरा आणि ड्रायव्हरला सावकाश घ्यायला सांगा. आपल्या महामार्गावरचे खड्डे बाळंतीण मोजते.

तेल, शेक आणि पोट बांधणं

घरात सगळ्यात जास्त मतभेद इथे होतात, म्हणून याचं बोलणं ऑपरेशनच्या आधीच व्हावं. माझ्या भाचीच्या वेळी तेल लावणाऱ्या मावशींना आम्ही आठव्या महिन्यात चहाला बोलावलं आणि टाके कुठे येणार ते हाताने दाखवून सांगितलं. त्या म्हणाल्या, "बाय, पोटाला मी हात लावत नाय. पायच चोळते, बाळाचं बघते." त्या बाईंना सगळं कळत होतं, फक्त आधी सांगायला हवं होतं.

हात, पाय, खांदे यांना तेल लावायला हरकत नाही, डॉक्टरांना विचारून आठवड्याभराने सुरू करा. पाय सुजून एकाच पोटरीत दुखत असेल तर तो पाय चोळू नका, आधी दाखवा. टाक्यांच्या आसपास चोळणं, पोट दाबून 'घाण काढणं' अजिबात नको. जखमेवर हळद, तेल, राख, काही नको. आंघोळ कधी करायची ते डॉक्टर सांगतील. न्हाणीत चुलीवरचं कढत पाणी पोटावर ओतू नका आणि आंघोळीनंतर मऊ फडक्याने जखम टिपून कोरडी करा. आपल्या दमट हवेत हे जास्त महत्त्वाचं. पोटाची घडी जखमेवर पडत असेल तर तिथे घाम साचतो, रोज उताणं झोपून ती जागा थोडा वेळ उघडी ठेवा. परकराची नाडी नेमकी टाक्यांवर येते, म्हणून दीड महिना गाऊनच बरा.

पोट बांधायचं तर जुन्या लुगड्याने आवळून बांधू नका. डॉक्टर सांगतील तो पट्टा उठताना-चालताना आधाराला लावा, झोपताना सोडा.

शेक-शेगडीचं कळकळीने सांगते. पावसात दारं-खिडक्या लावून खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवतात, वर ओवा आणि वावडिंग टाकतात. बंद खोलीत कोळशातून विषारी वायू साचतो, त्याला वास नसतो, आणि झोपलेल्या आई-बाळाला तो कळत नाही. धुराने बाळाची छाती भरते. अंगाला ऊब हवी ना, मग गरम पाण्याची पिशवी कमरेला घ्या, टोपी-मोजे घाला. धुरी बाळाच्या खोलीत नको.

बाळंतिणीचं ताट

या बाबतीत आपली जुनी पद्धत चांगली आहे. उकड्या तांदळाची पेज, वर तूप आणि मीठ, पहिल्या दिवसांत पोटाला यासारखं हलकं काही नाही. मग कुळथाची पिठी, मऊ भात, मुगाची आमटी, लाल माठ, शेवग्याचा पाला, आळिवाची खीर. डिंकाचे-मेथीचे लाडू एकेकच द्या. तूप-सुक्यामेव्याचा भडिमार केला की बद्धकोष्ठ होतं, आणि कुंथायला लागलं की टाके ओढतात. 'भाताने टाके पिकतात' असं सांगणारी माणसं भेटतील. टाके पिकतात ते जंतूंनी. पाणीसुद्धा तोडू नका. 'पोट सुटतं' म्हणून पाणी कमी देणारी घरं अजून आहेत, आणि दूध पाजणारी बाई तहानेने कासावीस होते. प्रत्येक वेळी पाजायला बसताना जवळ तांब्या हवा.

मासे खाणाऱ्यांच्या घरी दूध वाढावं म्हणून मोरी आणतात. मोरी म्हणजे लहान शार्क, आणि शार्कच्या मांसात पारा जास्त साठतो, म्हणून पाजणाऱ्या आईने ती टाळलेली बरी. मुडदुशी बाळंतिणीची म्हणून पूर्वापार नावाजलेली आहे. तारली, बांगडाही उत्तम. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा अंडी आणि कडधान्यं वाढवा. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या बाळंतपणानंतरही सहा महिने चालू ठेवायच्या असतात. सिझेरियनमध्ये रक्त जातं, त्या गोळ्या फडताळात पडून राहू देऊ नका.

बाळाचं

जन्मल्यावर के जीवनसत्त्वाचं इंजेक्शन, बीसीजी, पोलिओचे थेंब आणि २४ तासांच्या आत हिपॅटायटिस बीची लस मिळाली का, ते कार्डावर पाहून मगच घरी या. पुढची लस दीड महिन्याची. पहिल्या दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतं आणि साधारण दोन आठवड्यांत भरून येतं. पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहा किंवा जास्त वेळा शू होत असेल तर दूध पुरतं आहे. आजूबाजूच्यांच्या मतापेक्षा हे माप विश्वासाचं.

पहिले सहा महिने फक्त आईचं दूध. गुटी, पाणी, ग्राइपवॉटर काही नाही. नाळेला काही लावू नका, लंगोट नाळेच्या खाली बांधा. नाका-कानात तेल नको, डोळ्यांत काजळ नको, आणि बाळाच्या छातीतून 'दूध पिळून काढणं' अजिबात नको, तिथे पू होतो. बाळ पहिल्या २४ तासांत पिवळं दिसलं, किंवा नंतर पिवळेपणा तळपायांपर्यंत उतरला, तर उन्हात धरत बसू नका, डॉक्टरांकडे न्या. पावसात ऊन मिळतही नाही.

आशाताई ठरावीक दिवसांनी दीड महिन्यापर्यंत घरी येतात, वजन करतात. त्यांना ओटीवरून परत पाठवू नका, आत बोलवा.

पाचवी, बारसं, पाहुणे

पाचवीला बाई दवाखान्यातून नुकतीच आलेली असते. पूजा घरच्यांनी करावी, तिने खुर्चीवर पाच मिनिटं बसून नमस्कार करावा. बारसं बाराव्या दिवशीच हवं असं नाही, महिन्या-सव्वा महिन्याने केलं तरी पाळण्यात नाव तेच पडतं. गणपतीत चाकरमानी आले की घर भरतं. सर्दी-खोकला असलेल्याने बाळाजवळ जाऊ नये, बाकीच्यांनी हात धुवावे आणि मुका घेऊ नये. हे बोलण्याचं काम तिच्यावर टाकू नका, आईने किंवा नवऱ्याने सांगावं.

आणि 'थोडी कळ काढली असती तर नॉर्मल झालं असतं' हे वाक्य तिच्या कानावर पडू देऊ नका. तिने पोटावर छेद घेऊन बाळ सुखरूप आणलं आहे, तेही बाळंतपणच. तिसऱ्या-चौथ्या दिवशी रडू येणं सर्रास होतं. दोन आठवडे उलटूनही उदास वाटत असेल, झोप उडाली असेल, बाळाकडे पाहावंसं वाटत नसेल, तर तो आजार आहे आणि तो बरा होतो. डॉक्टरांना सांगा, किंवा सरकारच्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या फुकट नंबरवर बोला. स्वतःला किंवा बाळाला काही करावं असा विचार आला तर एक तासही थांबू नका.

लगेच निघायची लक्षणं

१००.४ च्या वर ताप, टाके लाल होऊन गरम लागणं, त्यातून पू किंवा पाणी येणं, अंगावरून घाण वासाचं जाणं. तासाभरात पॅड पूर्ण भिजणं. एकाच पायाची पोटरी सुजून दुखणं, धाप लागणं, छातीत दुखणं. जोराचं डोकं दुखून डोळ्यांसमोर अंधारी येणं, कारण रक्तदाब बाळंतपणानंतरही वाढतो. बाळाच्या बाबतीत: पाजायला न उठणं, थंड किंवा तापलेलं अंग, श्वास भराभर चालणं, छाती आत ओढली जाणं, झटके. यातलं काहीही असेल तर रात्र, पाऊस, अमावस्या पाहू नका.

कागद आणि दीड महिन्याची भेट

सरकारी रुग्णालयात २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सिझेरियन, औषधं, रक्त, तपासण्या, जेवण आणि घरी सोडणारी गाडी मोफत आहे. पहिल्या बाळासाठी अटींत बसणाऱ्या आईला मातृवंदना योजनेतून ५,००० रुपये टप्प्याटप्प्याने मिळतात, फॉर्म आशाताईंकडे किंवा अंगणवाडीत भरतात. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. दवाखाना ती कळवतो, पण आई-वडिलांची नावं आधार कार्डाप्रमाणे लिहिली आहेत ना ते सही करण्याआधी स्वतः वाचा. बाळाचं नाव नंतर घालता येतं.

दीड महिन्याने आई आणि बाळ दोघांना घेऊन जा. बाळाची लस होते, आईची जखम आणि रक्तदाब तपासतात. तोवर पाण्याची कळशी, गॅसचा सिलिंडर, दळणाचा डबा उचलायचा नाही, बाळाहून जड काही नाही. याच भेटीत पाळणा लांबवण्याचं विचारा. गर्भाशयावरचा टाका भरून यायला वेळ लागतो, आणि या बाळंतपणानंतर निदान दोन वर्षांनी पुढचं पोट राहावं हे बरं. तांबी बसवायची तर ती ऑपरेशनच्या वेळीच बसवता येते, म्हणून आधीही विचारून ठेवता येईल. पुढच्या वेळी नैसर्गिक बाळंतपण होऊ शकेल का, हे डॉक्टर पहिल्या छेदाची दिशा आणि कारण पाहून ठरवतात. ते दोन्ही डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं असायला हवं. त्याची झेरॉक्स आणि फोटो काढा आणि मूळ कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वरच्या फडताळात ठेवा. आपल्याकडच्या चार महिन्यांच्या ओलीत कागदाला बुरशी धरते आणि शाई पसरते.